पहिल्यांदा वेंगुर्ल्याला जाताय? आधी तिथी बघा

पुण्या-मुंबईहून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वेंगुर्ल्यात बघण्यासारखे पॉइंट किती?" माझं आजोळ तिथलं, म्हणून हे फोन मला येतात. मी उलट विचारते, "जाताय त्या दिवशी तिथी कोणती?" समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं मी मुहूर्त काढतेय.

वेंगुर्ल्याला पाटी लावलेले 'पॉइंट' फारसे नाहीत. मालवण-तारकर्लीसारखी पाण्यातल्या खेळांची झुंबड नाही, गोव्यासारखे शॅक नाहीत. आहे ते वेळेवर अवलंबून आहे. सकाळी आठला जिथे गजबज असते तिथे अकराला कुत्रंही नसतं, आणि संध्याकाळी पाचला जिथे फुटबॉल खेळता येईल एवढी वाळू असते तिथेच चार-सहा दिवसांनी लाटा सुरूच्या मुळाशी आपटत असतात. म्हणून हा लेख ठिकाणांच्या क्रमाने लिहिलेला नाही. तुम्ही ज्या क्रमाने ठरवाल आणि ज्या वेळी बाहेर पडाल, त्या क्रमाने आहे.

आधी: तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरच्या लोकांचं जुनं गणित आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. अमावास्येलाही पंधराच धरायचे. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून हीच वेळ पहाटे-दुपारी किंवा सकाळ-संध्याकाळ अशी दोन्हीकडे लागू होते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हे पंचांग आहे, अणुघड्याळ नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. मोबाइलवर भरतीची नेमकी वेळ मिळतेच, पण तारखा ठरवताना, कॅलेंडर समोर ठेवून, हे गणित जास्त उपयोगी पडतं.

त्याचा अर्थ असा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर भरती दुपारी बाराच्या आत येऊन जाते आणि साडेपाच-सहाला पाणी पार आत गेलेलं असतं. सूर्यास्ताला चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. या दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त ओसरते. अष्टमीच्या आसपास उलट. तेव्हा भांगाचं पाणी, चढ-उतार कमी, पण नेमकी संध्याकाळी सहाला भरती. एका अष्टमीला मी पुण्याच्या पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात सूर्यास्त दाखवायला नेलं. बसायला जागाच नव्हती. चटई, चहाचा थर्मास, भेळेचं सामान सगळं गाडीत, आणि सूर्यास्तही गाडीच्या काचेतूनच. तेव्हापासून कॅलेंडर बघितल्याशिवाय मी कुणाला तारीख सांगत नाही.

खाडीत होडीने फिरायचं असेल तर मात्र पाणी भरलेलं हवं. ओहोटीला कांदळवनात चिखल आणि खेकडे दिसतात, होडी आत जात नाही. थोडक्यात, संध्याकाळची चाल हवी की सकाळची होडी, हे ठरवा. तीन दिवस असतील आणि दशमी-एकादशीच्या सुमारास पोहोचलात तर दोन्ही जमतं: सकाळी आठच्या आसपास खाडी भरलेली, आणि पौर्णिमेकडे सरकाल तशी संध्याकाळची वाळू रोज थोडी वाढत जाते.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे सरळ उत्तर. हवा कोरडी, समुद्र शांत, गावोगावच्या जत्रा याच दिवसांत. मार्च-एप्रिलमध्ये घामाने जीव नकोसा होतो, पण ओले काजू तेव्हाच असतात आणि हापूसही येऊ लागतो, त्यामुळे खाण्यासाठी जाणाऱ्यांनी तेव्हा जावं. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात. खोल्या आणि रेल्वेची तिकिटं दोन्ही दुर्मीळ.

पावसाळ्यात जायचं का? इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हिरवाई वेड लावते. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून ताजी समुद्रातली मासळी कमी आणि महाग. खाडीतलं आणि सुकं खावं लागतं. आणि या चार महिन्यांत समुद्रात पाय बुडवण्यापलीकडे काहीही करायचं नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात, पण त्या दिवशी समुद्र शांत झालाच असं नसतं.

श्रावणातला सोमवार मासे खाण्यासाठी निवडू नका, हे वेगळं सांगायला नको असं मला वाटत असे. आमच्याकडे एक जण निवडून आला. मामीने त्याला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या वाढल्या. त्याने तीन वेळा मागून घेतल्या आणि तरी जाताना म्हणाला, "पण मासे राहिले."

पोहोचायचं कसं

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. जवळची स्थानकं दोन, कुडाळ आणि सावंतवाडी रोड, दोन्ही साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते. तुतारी दादरहून मध्यरात्री सुटते आणि सावंतवाडीला संपते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी, नाताळ आणि गणपतीत पहिल्या काही मिनिटांत संपतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात.

कुडाळ स्थानकाबाहेर रिक्षा असतात आणि पूर्ण रिक्षाचं भाडं ऐकून नवखा दचकतो. तेव्हा आधी रिक्षाने कुडाळ बसस्थानकावर जा आणि तिथून वेंगुर्ल्याची एसटी धरा. सामान फार असेल किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर जिथे राहणार त्या घरमालकालाच गाडी पाठवायला सांगा. भाडं आधी ठरतं आणि वाटेत उगाच चर्चा होत नाही.

पुण्याहून गाडीने येणाऱ्यांना कोल्हापूर ओलांडून आंबोली घाटाने सावंतवाडीत उतरता येतं. दिवसा उतरा. रात्री घाटात धुकं असलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. विमानाचं म्हणाल तर चिपीचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यातच आहे, ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला, पण तिथली उड्डाणं कधी असतात कधी नसतात. तिकीट हातात आल्याशिवाय त्यावर बेत बांधू नका. गोव्याचं मोपा त्यापेक्षा भरवशाचं.

कुठे राहायचं

गावात राहिलात तर बाजार, मासळी, एसटी सगळं पायाखाली. उभादांडा किंवा नवाबागेकडे राहिलात तर रात्री लाटांचा आवाज. शिरोड्याच्या वेळागर बाजूला राहिलात तर वाळू मोठी, पण वेंगुर्ला गाव सतरा-अठरा किलोमीटर दूर. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन रात्री गावाजवळ आणि एक शिरोड्याकडे, असं करावं. घरगुती निवास घेत असाल तर दोन गोष्टी आधी विचारा: जेवण सांगून ठेवावं लागतं का (बहुतेक ठिकाणी लागतं, कारण मासे सकाळी आणले जातात), आणि वीज गेली तर काय. पावसाळ्यात दुसरा प्रश्न पहिला होतो.

पहिली संध्याकाळ: बंदर

सामान टाकून सरळ बंदरावर जा. एकेकाळी मुंबईहून येणारी बोट इथे लागायची. मोठी बोट लांब उभी राहायची, माणसं आणि ट्रंका छोट्या होड्यांतून धक्क्यावर यायच्या. माझी आजी लग्नानंतर तशीच आली होती, ओकत. आता धक्क्यावर मच्छीमारी होड्या आणि गळ टाकून बसलेली पोरं.

धक्क्याच्या वरच्या टेकडीवर दीपगृह आहे. आत जाऊ देण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, खाली विचारून घ्या. वर जायला मिळालं नाही तरी टेकडीवरून पाहा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाजवळ खडकांची एक रांग दिसते. ते वेंगुर्ला रॉक्स. त्यांच्यावरही दीपगृह आहे. तिथल्या गुहांमध्ये एका जातीच्या पाकोळ्या घरटी करतात, आणि ती घरटी मुख्यतः त्यांच्या लाळेची असतात. चिनी सुपासाठी परदेशात त्यांना मोठी किंमत येते, त्यामुळे एकेकाळी इथून ती चोरली जात. हौशीने होडी करून तिकडे जाऊ नका. समुद्र खुला आहे आणि पक्ष्यांना तुमची गरज नाही.

बंदराजवळच खाडीच्या मुखावर झुलता पूल आहे, तो ओलांडला की नवाबागेचा किनारा. पुलावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. ती तिथेच सोडा आणि वाळूवर उतरा. खाडी समुद्राला मिळते त्या टोकाशी पोहायला जाऊ नका. पाणी वरून संथ दिसतं, पण ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी त्याच चिंचोळ्या तोंडातून बाहेर खेचलं जातं. हा नियम फक्त नवाबागेचा नाही. कोकणात कुठेही, जिथे खाडी किंवा वहाळ समुद्राला मिळतो तिथे नाही. दुसरा नियम: स्थानिक माणूस पाण्यात नसेल तर तुम्हीही नाही. तिसरा सांगायची वेळ येऊ नये, पण येते: दारू पिऊन अजिबात नाही.

दुसरी सकाळ: मासे

लवकर उठा. किनाऱ्यावर कुठे रापण लागली असेल तर तुमचं नशीब. रापण म्हणजे किनाऱ्यापासून होडीने अर्धवर्तुळात सोडलेलं लांबलचक जाळं, आणि ते दोन्ही टोकांनी ओढणारी वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त माणसं. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. उभं राहून बघायला कुणी हरकत घेत नाही, दोर ओढायला हात लावलात तर हसतात, पण लावू देतात. फोटो काढण्यापूर्वी विचारा. जाळं रिकामं आलं असेल तर विचारूही नका.

मग मासळी बाजार. दर ठरलेले नसतात आणि मासे बऱ्याचदा वजनावर नाही तर वाट्यावर मिळतात. मामीची पद्धत सांगते: पहिली फेरी काहीही न घेता मारायची. कल्ले उघडून बघायचे, लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बांगडा हातात आडवा धरला तर वाकता कामा नये. दुसऱ्या फेरीत भाव विचारायचा. "खंयसून इलास?" असं विचारलं की खरं सांगा, पुण्याचे आहात हे तुमच्या पिशवीवरून त्यांना आधीच कळलेलं असतं. घासाघीस करा, पण वाटा उचलून नाकाशी धरू नका.

स्वतः रांधणार नसाल तर घेतलेले मासे घरमालकिणीकडे द्या आणि कसे करायचे ते तिच्यावर सोडा. सुरमई-पापलेट कुठेही मिळतं. इथे पेडवे खा, मोरीचं मटण खा (मोरी म्हणजे लहान शार्क), तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सुंगटांची (कोळंबीची) आमटी, आणि बांगड्याचा तिरफळ घातलेला तिखला. तिरफळ चावायचं नाही, वासासाठी असतं. चावलंत तर जीभ दहा मिनिटं झिणझिणत राहील. भात उकड्या तांदळाचा मागा. सोलकढी जेवणाच्या शेवटी येते आणि पुन्हा मागितली तर कुणी मोजत नाही. शाकाहारी असाल तर तुमची गैरसोय होईल असं लोक सांगतात, ते अर्धंच खरं आहे. मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर मांसाहारीच तुमच्या ताटात बघत बसतील.

सकाळी न्याहारीला घावणे-चटणी. मिळाले तर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून. ते आता घरांतच जास्त होतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं.

गावात दोन-तीन तास

बाजारपेठेत क्रॉफर्ड मार्केट आहे. हो, तेच नाव, मुंबईसारखं. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ सालची. तेव्हा बंदरामुळे गावात पैसा आणि साहेब दोन्ही होते. अमेरिकन मिशनचं रुग्णालय इथे होतं. तिथल्या डॉक्टरांचा वेंगुर्ल्यात १९१९ साली जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. मंगेश पाडगांवकरांचा जन्मही इथलाच, १९२९चा. गावात याची कुणी फार टिमकी वाजवत नाही.

मग डच वखार. रिक्षावाल्याला एवढे दोन शब्द पुरतात. सतराव्या शतकात, १६३७-३८च्या सुमारास, डचांनी आदिलशाहीकडून परवानगी मिळवून इथे ठाणं मांडलं. पोर्तुगीजांचं गोवं जवळ, त्याची कोंडी करायची तर जहाजांना पाणी-शिधा देणारी जागा हवी, हा हिशेब. इथले डच अधिकारी बाटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पत्रं पाठवत. त्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत, आणि इतिहासकार आजही त्या वापरतात. एवढं मनात ठेवून गेलात तरच वखार बघायला मजा आहे. नाहीतर ते एक पडकं घर आहे: जाड भिंती, छप्पर नाही, वेली आणि मुळं. पावसाळ्यात आत शिरू नका, दगड सुटतात आणि सापही असतात.

दुपारी उन्हाची वेळ फळ संशोधन केंद्रासाठी ठेवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हा आंबा इथे तयार झाला, आणि रत्नाला पुन्हा हापूसशी जोडून 'सिंधू', ज्याची कोय इतकी पातळ की नसल्यासारखीच. काजूच्या 'वेंगुर्ला' जाती, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे, याच मातीतल्या. कोकणातल्या कितीतरी बागा त्यांवर उभ्या आहेत. हे पर्यटनस्थळ नाही, सरकारी केंद्र आहे. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत जा, फाटकाशी विचारा. रोपवाटिकेतून कलमं विकत मिळतात. पुण्याच्या गच्चीत हापूस लावण्याचा बेत असेल तर तिथल्या माणसाला तसं सांगून बघा. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

खाडी

मांडवी खाडीतली कांदळवन सफर गावातल्या बचत गटाच्या महिला चालवतात. होडी वल्हवतात त्याच आणि माहिती सांगतात त्याही. कांदळाचे प्रकार, वर आलेली श्वासमुळं, झाडावरच रुजून मग चिखलात पडणारं बी, खंड्या, बगळे. तासाभराचा कार्यक्रम. आदल्या दिवशी फोन करून भरतीची वेळ त्यांनाच विचारा, त्या सांगतील ती वेळ पाळा. उशिरा पोहोचून "पाचच मिनिटं झाली" म्हणू नका. पाणी थांबत नाही. आवाज कमी ठेवलात तर पक्षी दिसतात. मोबाइलवर गाणी लावलीत तर त्या बायका काही बोलत नाहीत, पण माहिती देणंही बंद करतात. हे मी बघितलं आहे.

दक्षिणेचा पूर्ण दिवस

एक दिवस शिरोडा-रेडीच्या रस्त्यासाठी राखून ठेवा. एसटीने जमतं, पण दुचाकी किंवा दिवसभराची रिक्षा बरी, कारण खरं सुख रस्त्यात आहे. मोचेमाडच्या चढावर थांबा. खाली खाडी, पलीकडे वाळूची पट्टी, त्यापलीकडे समुद्र असे तीन रंग एकदम दिसतात. मी इतक्या वेळा गेले आहे, तरी तिथे गाडी थांबवतेच.

पुढे आरवली. इथला वेतोबा हा गावाचा राखणदार. पुरुषाहून उंच मूर्ती, उभी. रात्री तो गावात फेरी मारतो, त्यामुळे त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून नवसाला चपला वाहतात, आपल्या मापाच्या नव्हे, त्याच्या मापाच्या. चामड्याचे ते भलेथोरले जोड ओळीने ठेवलेले दिसतात. दुसरा नवस केळ्यांच्या घडाचा. देवळात शांत बसा, गुरव मोकळे असतील तर बोलतात. आरवली हे जयवंत दळवींचं गाव, आणि शेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते. ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक अठरा वर्षं या खेड्यात मुलांना शिकवत होते. त्यांचं स्मारक-संग्रहालय शाळेच्या आवारात आहे. शाळेच्या वेळेत विचारून जा.

शिरोड्याची मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात. जानेवारीनंतर वाफ्यांत पाणी घेऊन मीठ काढायचं काम चालू असतं, उन्हात पांढरे ढीग चमकतात. मे १९३०मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातून आलेल्या सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या त्या याच भागात. जाडं मीठ अर्धा किलो विकत घ्या. लोणच्याला लागतंच.

रेडीत दोन गोष्टी. एक गणपती, १९७६ साली खाणीत सापडलेला, दोन हातांचा. थोड्या दिवसांनी तिथेच त्याचा उंदीरही सापडला. मंगळवारी आणि चतुर्थीला गर्दी. दुसरी म्हणजे यशवंतगड, आणि मला विचाराल तर दिवसातली सगळ्यात चांगली जागा हीच. झाडांची मुळं दरवाज्यांना आणि भिंतींना अशी कवटाळून बसली आहेत की भिंत झाडाला धरून आहे की झाड भिंतीला, कळत नाही. खंदक, बुरूज, वरून खाडी आणि समुद्र. सकाळी किंवा चारनंतर जा, पायात बूट हवेत, एकट्याने आतल्या अंधाऱ्या खोल्यांत शिरू नका.

वेळ उरला तर तेरेखोल. नदीच्या अलीकडे, पण हद्द गोव्याची. १५ ऑगस्ट १९५४ला पोर्तुगीज राजवटीत सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. आत प्रवेश मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर खाली फेरीबोटीच्या धक्क्यावर बसा आणि पलीकडचा केरीचा किनारा बघा.

हिवाळ्यात गेलात तर या दोन रात्री

वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभरेक अंडी. गावकरी आणि वनखातं ती कुंपणात सांभाळतात, पिल्लं पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनी बाहेर येतात. म्हणून पिल्लं बघायची तर फेब्रुवारी-मार्च. हमी कुणी देत नाही. पहाटे किंवा संध्याकाळी जावं लागतं, फ्लॅश बंद, हात लावायचा नाही, पिल्लू उलटं पडलं तरी आपण सरळ करायचं नाही. तिथला माणूस काय ते करेल. वाळूवरून पाण्यापर्यंतचं ते चालणं त्याचं त्यानेच चालायचं असतं.

दुसरी रात्र दशावताराची. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा लागतात. रोज कुठे ना कुठे असतेच, चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं. पालखी झाल्यावर, बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर, नाटक सुरू होतं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. हार्मोनियम, मृदंग, झांज. स्त्रीपात्रं पुरुषच करतात, आणि इतकी देखणी की पहिल्यांदा बघणारा शेजाऱ्याला हळूच विचारतो. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते आणि बोलणं रंगमंचावरच सुचतं. त्यामुळे राजा-राक्षसाच्या वादात परवाची निवडणूकही डोकावते. तिकीट नाही. बरोबर शाल, बसायला काहीतरी, आणि जत्रेतलं खाजं घ्या, म्हणजे गुळाच्या पाकातल्या बेसनाच्या कांड्या, आल्याच्या चवीच्या. पहाटे दहीकाला होऊन संपतं. परत जायला रिक्षा मिळणार नाही, तेव्हा ज्याने आणलं त्यालाच थांबवून ठेवा.

जाताना काय घ्यायचं

वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. दुकानात डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं दिसेल. आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती काजू बसतात ते. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. भाजीसाठी पाकळी किंवा तुकडा घ्या, उगाच अख्ख्याचे पैसे देऊ नका. सालीसकट भाजलेले खारे काजू रेल्वेत संपतात, म्हणून दोन पुडे. कोकमाचं सरबत आणि आगळ यांत गोंधळ करू नका: सरबतात साखर असते, आगळात मीठ, आणि सोलकढी आगळाची होते. आंबे घ्यायचे तर पेटीच्या नावावर जाऊ नका, पेटी उघडून वास घ्या.

परतीची तुतारी सावंतवाडीहून संध्याकाळी सुटते. वेंगुर्ल्याहून दुपारच्या आधीच निघा आणि मोती तलावाकाठी उतरा. राजवाड्यात गंजिफांचे गोल पत्ते हाताने रंगवताना बघायला मिळतात, चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी. लाकडी केळं टोपलीत खऱ्या फळांजवळ ठेवू नका. आमच्या घरी एकाने चावून बघितलं आहे.